फोटो एडिटिंग सॉफ्टवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा लॅपटॉप आला, सिस्टिम रात्रीत अपडेट झाली किंवा कोणी जुन्या फोटोशॉपची सीडी हातात ठेवली, की ठरावीक प्रश्न येऊ लागतात. त्यांतले जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे, पुढे अवघड. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझ्याकडे कोणती सिस्टिम आहे हे नेमकं कुठे दिसतं?

विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग सगळ्यात खाली अबाउट. तिथे विंडोज १० की ११ हे दिसतंच, त्याखेरीज '२२एच२' किंवा '२४एच२' असा एक कोडही दिसतो. तो लिहून ठेवा, कारण हल्ली सॉफ्टवेअर कंपन्या नुसतं 'विंडोज १० चालेल' म्हणत नाहीत, कोणत्या कोडपासून पुढचं चालेल तेही सांगतात. त्याच पानावर 'सिस्टिम टाइप' या ओळीत ३२ की ६४ बिट आणि प्रोसेसर इंटेल-एएमडी घराण्यातला की आर्म, हे कळतं.

मॅकवर वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करून 'अबाउट धिस मॅक'. तिथे 'चिप' असं लिहिलं असेल तर ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर, 'प्रोसेसर' लिहून पुढे इंटेल असेल तर इंटेल. पुढच्या निम्म्या उत्तरांना ही माहिती लागणार आहे.

२. सॉफ्टवेअरच्या पानावर 'मिनिमम' आणि 'रेकमेंडेड' असे दोन रकाने असतात. कोणता मानायचा?

मिनिमम म्हणजे प्रोग्रॅम उघडेल. काम होईल असं त्यात कुणी म्हटलेलं नाही. रेकमेंडेडचा रकाना खरा धरा. पण रॅम आणि डिस्कची जागा थोडी कमी असली तर काम फक्त सावकाश होतं. सिस्टिमची आवृत्ती, प्रोसेसरच्या आज्ञा आणि ग्राफिक्स कार्ड या तीन ओळींत मात्र घासाघीस चालत नाही. उदाहरणार्थ, 'एव्हीएक्स२' नावाचा आज्ञासंच इंटेलने २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून दिला. तो मागणारा प्रोग्रॅम त्याआधीच्या प्रोसेसरवर, रॅम कितीही टाकली तरी, उघडतच नाही किंवा उघडता उघडता बंद पडतो.

३. ३२-बिट आणि ६४-बिटचा फोटो एडिटिंगशी काय संबंध?

थेट संबंध आहे. ३२-बिट प्रोग्रॅमला जास्तीत जास्त ४ जीबी मेमरीचा पत्ता सांगता येतो, आणि विंडोजवर बहुतेक वेळा त्यातली २ जीबीच वाट्याला येते. मशीनमध्ये ३२ जीबी रॅम असली तरी पॅनोरामा जोडताना 'मेमरी पुरेशी नाही' असा निरोप येतो तो यामुळे. फोटोशॉप विंडोजवर ६४-बिट झालं ते सीएस४ मध्ये, २००८ साली, आणि मॅकवर सीएस५ मध्ये, २०१० साली.

चालण्या-न चालण्याचं गणित असं: ६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्रॅम आजही चालतात, विंडोज ११ वरसुद्धा. १६-बिट अजिबात चालत नाहीत. मॅकवर २०१८ चं मोहावी हे ३२-बिट चालवणारं शेवटचं. २०१९ च्या कॅटालिनापासून तो दरवाजा बंद झाला.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. ६४-बिट प्रोग्रॅममध्ये ३२-बिट प्लगइन (प्रोग्रॅमला वरून जोडायचा जादा तुकडा) शिरत नाही. फिल्टरच्या मेनूत जुनं प्लगइन दिसेनासं झालं तर आधी हे तपासा.

४. विंडोज १० चा सपोर्ट संपला. माझं एडिटिंग सॉफ्टवेअर बंद पडेल का?

नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय आहे. तुमच्या मशीनवर काल चालणारा प्रोग्रॅम त्या तारखेमुळे आज बंद होत नाही.

अडतं ते पुढच्या टप्प्यावर. नवीन आवृत्त्या हळूहळू विंडोज १० ला वगळतात, मग ग्राफिक्स कार्डचे नवे ड्रायव्हर (कार्ड सिस्टिमशी जोडून चालवणारे छोटे प्रोग्रॅम) येणं थांबतं, मग नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल, म्हणजे जेपेग होण्याआधीची मूळ फाइल, उघडत नाही (प्रश्न १० पाहा). विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला तेव्हाही हेच झालं. आजही कुणाकुणाच्या टेबलावर विंडोज ७ आहे आणि त्यावर जुनं फोटोशॉप मजेत चालतं. फक्त त्या मशीनला इंटरनेट नको, एवढंच माझं म्हणणं.

मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नसेल (टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची) तर आडमार्गाने ११ घालण्याच्या युक्त्या सगळीकडे सापडतात. कामाच्या मशीनवर तो खेळ मी करणार नाही.

५. विंडोज ११ वर फोटोशॉप सीएस६ चालतं का?

अनेकांकडे चालतं. सीएस६ हे २०१२ चं, एकदा विकत घेऊन कायम वापरायचं शेवटचं फोटोशॉप, म्हणून लोक ते सोडत नाहीत आणि त्यांचं चूक आहे असं मला वाटत नाही. पण 'चालतं' आणि 'कंपनी चालवण्याची हमी देते' यांत फरक आहे. हमी काहीच नाही.

अडचणी ठरलेल्या आहेत. स्क्रीनवर सगळं मुंगीएवढं दिसतं (प्रश्न ६). ग्राफिक्स कार्ड ओळखलं जात नाही (प्रश्न १२). नवीन रॉ फाइल उघडत नाहीत (प्रश्न १०). आणि सर्वांत मोठी अडचण ॲक्टिव्हेशनची. नव्या मशीनवर टाकताना जुन्या परवान्याला सर्व्हरचा होकार लागतो, आणि तो सर्व्हर कायम राहील असं कुणी लिहून दिलेलं नाही. सीएस२ चा ॲक्टिव्हेशन सर्व्हर २०१२-१३ च्या सुमारास बंदच झाला. म्हणून जुनं मशीन फॉरमॅट करण्याआधी हेल्प मेनूत जाऊन 'डीॲक्टिव्हेट' करा. हार्ड डिस्क मेल्यावर ही आठवण उपयोगाची नसते.

६. ४के स्क्रीनवर मेनू आणि टूल इतके बारीक दिसतात की भिंग लागेल. उपाय?

प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'कम्पॅटिबिलिटी' टॅब, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'. तिथे सगळ्यात खाली 'ओव्हरराइड' च्या चौकटीत टिक करा आणि यादीतून 'सिस्टिम' निवडा. मेनू मोठे होतात. मात्र खुद्द फोटोही विंडोज ताणून दाखवतं, म्हणजे १०० टक्के झूमवर फोटो किंचित धुरकट दिसतो. शार्पनिंग तपासायचं असेल तेव्हा हे लक्षात ठेवा, नाहीतर फोटो उगाच जास्त शार्प कराल. यादीतला 'सिस्टिम (एनहान्स्ड)' हा पर्याय अक्षरं बरीच स्वच्छ दाखवतो, पण तो प्रत्येक प्रोग्रॅमला मानवत नाही. दोन्ही करून पाहा.

७. मॅकची नवी सिस्टिम टाकली आणि माझं जुनं सॉफ्टवेअर उघडेना. परत मागे जाता येईल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तोही बहुतेक वेळा उशिरा.

आयकॉनवर आडवी रेघ मारलेलं वर्तुळ दिसत असेल तर तो प्रोग्रॅम या सिस्टिमला चालत नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि जुन्या प्रोग्रॅमच्या बाबतीत कारण बहुधा ३२-बिटचं असतं. ॲपलचं जुनं फोटो सॉफ्टवेअर ॲपर्चर मोहावीपर्यंतच चाललं. मॅकवरचं सीएस६ कॅटालिनात थांबलं. लाइटरूम ६ (फोटो लावून ठेवायचा आणि सुधारायचा अडोबीचा प्रोग्रॅम) याची गंमत वेगळी. मूळ प्रोग्रॅम ६४-बिट, पण त्याचा इन्स्टॉलर आणि परवाना तपासणारे तुकडे ३२-बिट. त्यामुळे आधीपासून टाकलेलं लाइटरूम काहींकडे अपग्रेडनंतरही उघडत राहिलं आणि नव्याने टाकू पाहणाऱ्यांकडे अडकलं. दोघांनीही एकमेकांना खोटं ठरवलं. दोघेही खरं बोलत होते.

मागे जायचं तर मॅक पूर्ण पुसून जुनी सिस्टिम टाकावी लागते आणि मग टाइम मशीनच्या बॅकअपमधून फाइल्स आणाव्या लागतात. त्यालाही मर्यादा आहे: मॅक ज्या सिस्टिमसह विकला गेला, त्याच्या मागे तो जात नाही. एम१ चिपचे मॅक नोव्हेंबर २०२० मध्ये बिग सर घेऊन आले, म्हणून त्यांवर मोहावी कधीच बसणार नाही.

जुना इंटेल मॅक हाताशी असेल तर एक सोपा मार्ग आहे. बाहेरच्या एसएसडीवर मोहावी टाका आणि लागेल तेव्हा सुरू करताना ऑप्शन कळ दाबून त्यावरून मशीन चालू करा. टी२ ही सुरक्षा चिप असलेल्या मॅकवर आधी रिकव्हरीत जाऊन बाहेरच्या डिस्कवरून सुरू व्हायची परवानगी द्यावी लागते.

८. ॲपलच्या चिपवर इंटेलसाठी बनवलेली सॉफ्टवेअर किती दिवस चालतील?

रोझेटा २ हा दुभाष्या ती चालवतो, आणि बरीच चांगली चालवतो. पण दुभाष्या पाहुणा आहे. ॲपलने २०२५ मध्येच सांगून टाकलं की टाहो, म्हणजे मॅकओएस २६, ही इंटेल मॅकवर बसणारी शेवटची सिस्टिम, आणि सर्वसाधारण रोझेटा मॅकओएस २७ पर्यंतच. याआधीचं रोझेटा, इंटेलच्या आधीच्या पॉवरपीसी प्रोसेसरच्या प्रोग्रॅमसाठीचं, २०११ च्या लायनमध्ये असंच काढून टाकलं होतं.

प्लगइनची गाठ वेगळी. ॲपल चिपसाठी बनलेल्या प्रोग्रॅममध्ये इंटेलचं प्लगइन दिसत नाही. ॲप्लिकेशन्स फोल्डरमध्ये प्रोग्रॅमवर राइट क्लिक करून 'गेट इन्फो' उघडा, 'ओपन युजिंग रोझेटा' वर टिक करा, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. प्लगइन परत येईल, वेग थोडा जाईल. त्या एका प्लगइनचं काम झालं की टिक काढायला विसरू नका. महिनोन्‌महिने रोझेटामध्ये काम करून 'नवा मॅक संथ आहे' म्हणणारे मी पाहिले आहेत.

९. प्रोग्रॅम सोडा, इन्स्टॉलरच चालत नाही. का?

विंडोजवर फार जुन्या सीडीचा इन्स्टॉलर १६-बिट असतो, आतला प्रोग्रॅम ३२-बिट असला तरी. ६४-बिट विंडोज दारातच अडवतं. ३२-बिट विंडोज असलेल्या जुन्या मशीनवर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे मशीनच्या आत प्रोग्रॅमने उभ्या केलेल्या दुसऱ्या मशीनमध्ये (प्रश्न १७) तो टाकता येतो.

मॅकवर 'डेव्हलपर ओळखता येत नाही' असा निरोप आला तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' उघडून खाली 'ओपन एनीवे' दाबा. पूर्वी कंट्रोल क्लिक करून उघडायची पळवाट होती. सिकोइयापासून, म्हणजे मॅकओएस १५ पासून, ती गेली. फाइल कुठून उतरवली याची खात्री असेल तरच हे करा.

नव्या स्वस्त लॅपटॉपवर 'फक्त स्टोअरमधली ॲप चालतील' असं दिसत असेल तर विंडोज 'एस मोड' मध्ये आहे. त्यातून बाहेर पडणं मोफत आहे, पण परतीचा रस्ता नाही.

आणि एक अगदी आपल्याकडचं कारण. विंडोजवर खातं उघडताना नाव देवनागरीत टाकलं असेल तर तुमच्या मुख्य फोल्डरचं नावही देवनागरी होतं. काही जुने इन्स्टॉलर आणि प्लगइन त्या वाटेवर ठेचकाळतात आणि भलताच एरर दाखवतात. इंग्रजी नावाचं दुसरं खातं उघडून त्यात टाकून पाहा. फोल्डरचं नाव हाताने बदलायला जाऊ नका.

१०. नवीन कॅमेऱ्याच्या रॉ फाइल माझ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाहीत. सिस्टिम अपडेट करू का?

थांबा. दोष बहुधा सिस्टिमचा नाही. रॉ ही प्रत्येक कॅमेऱ्याची स्वतःची बोली असते, आणि तुमचा कॅमेरा बाजारात येण्याआधी बनलेल्या प्रोग्रॅमला ती शिकवलेलीच नाही. लाइटरूम ६ चा शेवटचा अपडेट, ६.१४, डिसेंबर २०१७ चा. त्यानंतरचे कॅमेरे त्याला अनोळखी. (त्याचं नकाशाचं पानही ३० नोव्हेंबर २०१८ नंतर बंद पडलं, कारण नकाशे दुसऱ्याकडून उसने होते. 'कायमचं विकत घेतलं' याला असेही अपवाद.)

तोडगा म्हणजे फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीचा मोफत डीएनजी कन्व्हर्टर. तो रॉ फाइल डीएनजी या अडोबीच्या सामाईक रॉ स्वरूपात बदलतो, आणि डीएनजी २००४ पासूनचा असल्याने जुने प्रोग्रॅमही तो वाचतात. प्रेफरन्सेसमध्ये 'कम्पॅटिबिलिटी' ची यादी आहे. तिथे तुमच्या कॅमेरा रॉची (फोटोशॉपमधला रॉ उघडणारा भाग) आवृत्ती निवडली नाही तर कन्व्हर्टर नव्या पद्धतीची डीएनजी बनवतो आणि जुना प्रोग्रॅम तीही नाकारतो. निम्म्या तक्रारी या एका यादीपाशी संपतात. मूळ रॉ फाइल मात्र ठेवा.

इथे सिस्टिमचा संबंध येतो तो असा: कन्व्हर्टरच्या नव्या आवृत्त्यांनाही नवी सिस्टिम लागते. विंडोज ७ वर आजचा कन्व्हर्टर बसणार नाही. मग दुसऱ्या मशीनवर फाइल बदलून आणा.

मॅकवर अपवाद आहे. ॲपलचं फोटोज आणि प्रिव्ह्यू रॉ वाचतात ते सिस्टिमच्या जोरावर, म्हणून तिथे सिस्टिम अपडेट केल्यावर खरोखरच नवा कॅमेरा उघडू लागतो.

११. आयफोनचे फोटो विंडोजवर उघडत नाहीत.

ते एचईआयसी आहेत. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन त्या स्वरूपात फोटो ठेवतो. विंडोजला मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून दोन तुकडे लागतात: 'एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन्स', जे मोफत आहे, आणि 'एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन्स', ज्याला थोडे पैसे पडतात. पहिलाच टाकला तर बऱ्याचदा फोटो उघडत नाही, आणि लोक एडिटिंग सॉफ्टवेअरला दोष देतात. हा व्याप नको असेल तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. पुढचे फोटो जेपेगमध्ये येतील, मागचे आहेत तसेच राहतील.

१२. सिस्टिम अपडेटनंतर फोटो काळा दिसतो, ब्रश अडखळतो किंवा सॉफ्टवेअर हँग होतं.

संशयित क्रमांक एक: ग्राफिक्स ड्रायव्हर. विंडोज अपडेट कधी कधी तुम्ही टाकलेल्या ड्रायव्हरच्या जागी स्वतःचा टाकतं. आधी निदान करा. एडिटिंग सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर 'युज ग्राफिक्स प्रोसेसर' ची टिक काढा आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा. दुखणं थांबलं तर ड्रायव्हरच. मग कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा ताजा ड्रायव्हर टाका आणि टिक परत लावा. टिक काढून वर्षभर काम करणं म्हणजे गाडी दुसऱ्या गिअरमध्येच चालवणं.

लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतील तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे त्या प्रोग्रॅमला 'हाय परफॉर्मन्स' ठरवून द्या. मोठ्या अपडेटनंतर ही निवड अजून तशीच आहे ना, तेही पाहा.

ड्रायव्हर ठीक असेल तर प्रेफरन्सेस नव्याने बनवा. फोटोशॉप उघडताक्षणी कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून धरा, मॅकवर कमांड, ऑप्शन आणि शिफ्ट. तुमचे ब्रश आणि ॲक्शन आधी वेगळे सेव्ह करून ठेवा.

१३. फाइल उघडते पण सेव्ह होत नाही. म्हणे 'फाइल सापडली नाही'. सेव्ह करायची फाइल सापडेल कशी?

खरंय, निरोप वेड्यासारखा आहे. विंडोजमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' नावाचा पहारा आहे. तो चालू असला की अनोळखी प्रोग्रॅमला पिक्चर्स आणि डॉक्युमेंट्समध्ये लिहू देत नाही, आणि प्रोग्रॅमला हे नीट सांगता येत नाही. विंडोज सिक्युरिटीत 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन' उघडून तुमच्या प्रोग्रॅमला परवानगी द्या. पहारा बंद करू नका. काही अँटिव्हायरसही असाच पहारा देतात.

मॅकवर कॅटालिनापासून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि बाहेरच्या डिस्कसाठी प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळी परवानगी लागते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत 'डोन्ट अलाऊ' दाबलं असेल तर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' मध्ये 'फाइल्स अँड फोल्डर्स' इथे जाऊन ती चालू करा.

१४. फोटोवर मराठी मजकूर टाकला की जोडाक्षरं तुटतात. सिस्टिम बदलली की नीट होईल का?

सिस्टिमने नाही, सेटिंगने होईल. 'किरण' लिहिल्यावर वेलांटी 'क' च्या मागे जाऊन बसली, किंवा 'शक्ती' मधल्या 'क' चा पाय मोडलेला दिसला, तर प्रोग्रॅम अक्षरं नुसती ओळीने मांडतोय, जुळवत नाही. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये 'टाइप' च्या पानावर 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा. थोड्या जुन्या आवृत्तीत त्याच जागी 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' असं नाव दिसेल. आधीच लिहिलेल्या मजकुराला हे आपोआप लागू होत नाही. तो निवडून पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतून बदला. गिंप या मोफत एडिटरमध्ये हा त्रास नाही, तिथे युनिकोड मराठी सरळ बसतं.

युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेलं जुनं काम उघडून इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर तो फॉन्ट नव्या सिस्टिमवर नाही. मूळ फॉन्टची फाइल शोधा. ती 'टाइप १' या जुन्या प्रकारची निघाली तर अडोबीने त्या प्रकाराला जानेवारी २०२३ पासून रजा दिली आहे. जुन्या मशीनवर मजकुराचा लेयर रास्टराइज करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून, आणावा लागेल.

१५. नव्या आवृत्तीत केलेलं काम जुन्या मशीनवर उघडेल का?

फाइलवर अवलंबून. जेपेग आणि साधी टिफ कुठेही उघडतात. पीएसडी (फोटोशॉपची स्वतःची फाइल) सेव्ह करताना 'मॅक्झिमाइझ कम्पॅटिबिलिटी' ला होकार दिला असेल तर जुन्या आवृत्तीला निदान एकसंध चित्र मिळतं. नवे लेयर प्रकार मात्र तिला कळत नाहीत.

गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ फाइलचं तसंच. २०१८ च्या २.१० मध्ये १६ आणि ३२ बिटचे रंग आले. तशी फाइल २.८ ला उघडत नाही. मार्च २०२५ च्या ३.० मध्ये आणखी भर पडली, आणि २.१० साठी लिहिलेली प्लगइन ३.० मध्ये तशीच्या तशी चालत नाहीत. गिंप ३.० ला विंडोज १० किंवा पुढचं लागतं. विंडोज ७ वाल्यांनी २.१० वरच राहावं.

सर्वांत एकेरी वाट लाइटरूमच्या कॅटलॉगची, म्हणजे फोटोंचे पत्ते आणि एडिटिंग नोंदवणाऱ्या फाइलची. नवी आवृत्ती कॅटलॉग बदलून घेते आणि बदललेला कॅटलॉग जुनी आवृत्ती उघडत नाही. जुना कॅटलॉग बाजूला राहतो, तो 'जागा अडवतोय' म्हणून लगेच पुसू नका.

१६. लिनक्सवर काय चालतं?

गिंप, क्रिता, डार्कटेबल, रॉथेरपी, डिजिकॅम हे सगळे लिनक्सचेच. डार्कटेबल तर विंडोजवर आलं ते २०१७ च्या शेवटी. अडचण वितरणाच्या (उबुंटूसारख्या लिनक्सच्या तयार सिस्टिमच्या) आवृत्तीची असते. दीर्घ सपोर्टच्या वितरणात सॉफ्टवेअरही वर्षानुवर्षं जुनंच राहतं, म्हणून ताजी आवृत्ती फ्लॅटपॅकमधून, म्हणजे वितरणावर न अवलंबणाऱ्या पॅकेजमधून, घ्या. ॲपइमेज (एकाच फाइलमध्ये मिळणारा प्रोग्रॅम) उबुंटू २२.०४ किंवा पुढच्यावर दोनदा क्लिक करूनही हालत नसेल तर 'लिबफ्यूज२' टाकलेलं नाही.

लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइनवर जुनं फोटोशॉप अनेकदा उघडतं. कामाच्या भरवशाचं नाही.

१७. व्हर्च्युअल मशीनमध्ये जुनी सिस्टिम टाकून जुनं सॉफ्टवेअर वापरू का?

अधूनमधून एखादी जुनी फाइल काढायला उत्तम. रोजच्या कामाला नाही, कारण ग्राफिक्सची ताकद आत पूर्ण पोचत नाही आणि रंगांचं प्रोफाइलही बाहेरच राहतं. आतल्या जुन्या विंडोजचं इंटरनेट तोडा आणि फाइल शेअर्ड फोल्डरमधून ने-आण करा.

ॲपल चिपच्या मॅकवर हे गणित चुकतं. तिथे नेहमीच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये आर्मसाठीचं विंडोज ११ बसतं, इंटेलसाठीचं विंडोज ७ किंवा मोहावी नाही. आर्मचं विंडोज ११ स्वतः ६४-बिट इंटेल प्रोग्रॅम भाषांतर करून चालवतं, विंडोज १० च्या आर्म आवृत्तीला ३२-बिटच जमायचे.

१८. अपग्रेडनंतर लाइटरूममध्ये सगळ्या फोटोंवर प्रश्नचिन्ह. फोटो गेले का?

बहुतेक वेळा नाही. लाइटरूम फोटो स्वतःजवळ ठेवत नाही, पत्ता लिहून ठेवतं. नव्या सिस्टिमने बाहेरच्या डिस्कला 'ई' ऐवजी 'एफ' नाव दिलं, किंवा पिक्चर्स फोल्डर उचलून वनड्राइव्हच्या पोटात नेलं, की सगळे पत्ते चुकतात. डाव्या बाजूला सर्वांत वरच्या हरवलेल्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'फाइंड मिसिंग फोल्डर' ने नवी जागा दाखवा, आतले सगळे जागेवर येतात. वैतागून 'रिमूव्ह' दाबू नका आणि फोटो नव्याने इम्पोर्टही करू नका. पहिल्याने तुमचं एडिटिंग कॅटलॉगमधून जातं, दुसऱ्याने फोटो एडिटिंगशिवाय नव्याने येतात.

वनड्राइव्हने फाइल 'फक्त ऑनलाइन' करून ठेवली असेल तर फोल्डरवर राइट क्लिक करून ती कायम या मशीनवर ठेवायला सांगा. कॅटलॉग मात्र क्लाउडच्या फोल्डरमधून बाहेर काढाच. उघड्या कॅटलॉगवर सिंकची कुरघोडी झाली की तो बिघडतो.

१९. अपडेट झाल्यापासून रंग वेगळे दिसतात.

मॉनिटर कॅलिब्रेट करून (रंग उपकरणाने मोजून जुळवून) बनवलेलं प्रोफाइल सुटलं असणार. विंडोजमध्ये 'कलर मॅनेजमेंट', मॅकवर डिस्प्लेच्या सेटिंग्ज उघडून ते पुन्हा निवडा. नाइट लाइट किंवा नाइट शिफ्ट चालू नाही ना, तेही पाहा. हसू नका, पिवळट फोटोंचं कारण मला यात दोनदा सापडलं आहे, एकदा माझ्याच मशीनवर.

२०. पेनचा दाब लागत नाही, रेघ मागून येते.

पेन टॅबलेटचा ड्रायव्हर नव्या सिस्टिमसाठीचा टाका. तरी फरक नाही पडला तर ड्रायव्हरच्या सेटिंग्जमध्ये 'विंडोज इंक' ची टिक काढून पाहा. जुन्या सॉफ्टवेअरला बहुधा काढलेली आवडते, नव्याला लावलेली.

२१. फोनवरचं आवडतं जुनं ॲप नव्या फोनवर मिळत नाही.

तेच ३२-बिट प्रकरण (प्रश्न ३). आयफोनवर २०१७ च्या आयओएस ११ ने ३२-बिट ॲप बंद केली. अँड्रॉइडचेही काही नवे फोन, २०२२ चा पिक्सेल ७ त्यांतला एक, ती चालवत नाहीत. उपाय नाही. जुना फोन असेल तर जपा.

२२. मग सिस्टिम अपग्रेड करायची तरी कोणत्या क्रमाने?

मी एकदा हे उलट्या क्रमाने केलं आहे. एका कार्यक्रमाचे फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचे होते, संध्याकाळी मॅकने अपग्रेड सुचवलं आणि मी जेवायला जाता जाता 'होय' दाबलं. परत आलो तर फोटोशॉप व्यवस्थित उघडलं. फिल्टरच्या मेनूत शेवटच्या ओळीवर असायचं ते नॉइज काढणारं प्लगइन मात्र नव्हतं, आणि निम्मे फोटो मंद उजेडातले. रात्रभर हाताने काम केलं.

आता मी आधी यादी करतो: मुख्य प्रोग्रॅम, प्रत्येक प्लगइन, प्रिंटर, टॅबलेट, कॅलिब्रेटर. प्रत्येकाच्या कंपनीच्या पानावर नव्या सिस्टिमचं नाव दिसेपर्यंत थांबतो. मग पूर्ण डिस्कचा बॅकअप, कॅटलॉगची वेगळी प्रत, जुन्या परवान्यांचं डीॲक्टिव्हेशन. त्यानंतर आधी सॉफ्टवेअर अपडेट, मग सिस्टिम, शेवटी ड्रायव्हर. आणि हातात अर्धवट काम असताना कधीच नाही.

२३. एकाच मशीनवर जुनी आणि नवी अशा दोन आवृत्त्या ठेवता येतात का?

फोटोशॉपच्या येतात, आणि पहिले काही आठवडे ठेवाव्यात. क्रिएटिव्ह क्लाउडमधून अपडेट करताना प्रगत पर्यायांत 'जुनी आवृत्ती काढा' ला लागलेली टिक आधी काढा, नाहीतर ती न विचारता जाते. पीएसडीवर दोनदा क्लिक केल्यावर कोणती उघडते ते सिस्टिम ठरवते, बहुधा शेवटी टाकलेली. ते पटत नसेल तर फाइलवर राइट क्लिक करून 'ओपन विथ' मधून हवी ती कायमची ठरवून टाका. गिंप २.१० आणि ३.० यांच्या सेटिंग्ज वेगवेगळ्या फोल्डरमध्ये राहतात, त्यामुळे एकीतला गोंधळ दुसरीत जात नाही.